अर्ध्या चावीचं भांडण

कचेरीत कागद साचले की त्यांना निदान वाळवी लागते. किश्श्यांना ती सोय नाही. ते साचतात, फुगतात, आणि सांगणारा पेन्शनीत निघाला की एकदम बाहेर पडतात. मी पनवेलच्या मामलेदार कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळली. तिथलेही किस्से आहेत, पण त्यांतले विनोदी भाग सगळे माझ्या साहेबांचे आहेत, आणि काही साहेब अजून हयात आहेत. म्हणून हे किस्से कचेरी सुटल्यानंतरचे. आमच्या हौशी संगीत नाटक मंडळीतले, आणि त्यातही एकाच गाण्याचे.

मंडळीत मी प्रॉम्प्टर होतो. कारकुनाला शोभेल असंच काम. सगळं आपल्याला पाठ, टाळ्या दुसऱ्याला!

* * *

पेटीवर एझ्रा मास्तर. पूर्ण नाव एझ्रा आपटेकर. घराणं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं ज्यू, मूळ पाताळगंगेकाठच्या आपट्याचं. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि मंडळीतल्या गाण्यांना चाली लावायचे. गणितात पायरी चुकलेली त्यांना खपत नसे आणि गाण्यात लय चुकलेली. बाकी माणूस मवाळ.

एका उत्सवात आमचं नाटक होतं. पहिल्या रांगेत, खास खुर्चीवर आमचे मामलेदारसाहेब. गाणं सुरू झालं आणि साहेब खुर्चीच्या हातावर ताल धरू लागले. बोटात अंगठी. टक, टक, टक. मास्तरांनी थोडा वेळ सोसलं. मग पेटी थांबवली आणि म्हणाले, "साहेब, टाळ्या गाणं संपल्यावर."

मी विंगेत पुस्तक मिटलं. डोळ्यांसमोर बदलीची एकदोन गावं येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. मी लोटलं.

"खरं सांगा," साहेब म्हणाले, "मी पुढं जात होतो की मागं?"

"किंचित पुढं, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "घरीही हेच म्हणतात!"

* * *

आमचे नाटककार अप्पा वकील. कोर्टात त्यांचं म्हणणं कुणी पुरतं ऐकून घेत नसे, म्हणून ते नाटकं लिहीत. त्यांनी एक संगीत प्रहसन लिहिलं. नवरा पुण्याहून बी. ए. झालेला, बायको त्याच्याहून हुशार, आणि दोघांचं भांडण. भांडणाचं एक द्वंद्वगीत होतं. नवरा म्हणतो, "जा, जा, माहेरी जा, परतुन येऊ नको!" बायको म्हणते, "जाते, जाते, मागुन हाका मारत येऊ नका!" पुढं 'नाही, नाही, येणार नाही' आणि 'आहे, आहे, ठाऊक आहे' अशी जुगलबंदी.

नवऱ्याचं काम हिरू नाखव्याकडं. हा उरणकडचा कोळी, मचवा घेऊन पनवेल बंदरात यायचा. एका मचव्यावरून दुसऱ्यावर हाक मारायची सवय, त्यामुळं आवाज पल्लेदार. बोलायचा घरचं, पण गाताना पुणेरी शुद्ध म्हणायचा. ते मी करून घेतलं होतं. बायकोचं काम कुसुमबाईंकडं. त्या दवाखान्यात नर्स. गळा गोड, स्वभाव नर्सचा.

पहिल्याच तालमीला पट्टीवरून अडलं. पेटीवरच्या ज्या सुराला गाणारा आपला 'सा' मानतो ती त्याची पट्टी. ती माणसाच्या जातीसारखी असते. बदलता येत नाही आणि जोडी जमवताना आडवी येते. हिरूची काळी एक, बाईंची काळी चार.

"बाई, जरा खाली या ना," हिरू म्हणाला.

"सिव्हिल सर्जन आले तरी मी खुर्चीवरून उठत नाही. तुमच्यासाठी खाली येऊ?"

वकिलांनी तडजोड सुचवली. दोघांनी मधली पट्टी घ्यावी. घेऊन पाहिली. हिरूच्या घशात बोंबलाचा काटा अडकल्यासारखं वाटलं, आणि बाई झोपेत बरळल्यासारख्या.

मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, नवरा-बायको एका पट्टीत भांडतात का कधी? ह्यानं आपल्या पट्टीत ओरडायला सुरुवात करावी. चढत चढत पंचमाला जाईल. त्याचा पंचम तोच बाईंचा सा."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे तो ओरडून जिथं दमतो, तिथून ती सुरू करते."

वकील मास्तरांच्या जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही आमच्या घरी केव्हा येऊन गेलात?"

* * *

प्रयोग रंगात आला होता. द्वंद्वगीत चालू. इतक्यात विंगेत माझ्या पाठीशी एक माणूस येऊन उभा राहिला. बेलपाड्याचा शेतकरी, बाहेर बैलगाडी सोडलेली नाही, घरी बायको अडलेली. नाटक, पडदा, विंग ह्यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्यानं सरळ स्टेजवर हात हलवला.

"बाई, चला वो! टायम झाला!"

कुसुमबाईंनी पाहिलं. त्यांच्या तोंडी नेमकी ओळ होती, "जाते, जाते!" ती त्यांनी सुरात म्हटली, त्याच लयीत पावलं टाकली, आणि विंगेतून थेट गाडीत जाऊन बसल्या. अंगावर भरजरी लुगडं, नाकात नथ, तोंडाला रंग.

हिरू स्टेजवर एकटा. त्यानं "जा, जा" आणखी एकदा म्हटलं. उत्तर नाही. तो विंगेशी आला. "भाऊसाहेब, बाई?"

"गेल्या."

हिरू प्रेक्षकांकडं वळला. नकली मिशीला पीळ दिला आणि मिशी हातात आली. "गेली!" तो म्हणाला. "खरीच गेली!"

मंडप कोसळायचा बाकी राहिला! लोक बाकांवर उभे राहून हसले.

तिकडं बेलपाड्याला बाळंतिणीनं डोळे उघडले, तर समोर नथ घातलेली, तोंडभर लाली असलेली बाई. तिनं पडल्या पडल्या हात जोडले. "देवी आली गो!"

"देवी नाही, नर्स आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "हात सोड आणि जोर लाव!"

* * *

इतका मोठा हशा मंडळीनं कधी घेतला नव्हता. फक्त मास्तर खट्टू.

"लोक हसले ते मिशीला," ते म्हणाले. "चालीला नाही. ह्या चालीत मी हसू घातलंय. मिशी नसली, लुगडं नसलं, डोळे मिटून ऐकलं तरी हसू यायला हवं. चालीला हसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही."

आम्ही त्यांच्या घरी चहा घेत होतो. मलकाबाई, म्हणजे मास्तरांच्या बायको, दारात उभ्या. त्यांचे भाऊ, बहिणी, मामा, सगळे एव्हाना इस्रायलला पोचले होते. तिकडं त्यांना घर मिळालं होतं, ह्यांच्यासाठीही खटपट झाली होती. राहिले होते हे दोघं.

"आता तरी निघायचं ना?" मलकाबाईंनी विचारलं.

"निघू. पनवेलमध्ये इतकी वर्षं पेटी वाजवली. एकदा गाव माझ्या चालीला हसू दे, मग निघू."

मलकाबाई माझ्याकडं वळल्या. "भावोजी, तुमचं गाव जरा लवकर हसवा हो. माझ्या ट्रंका भरून तयार आहेत."

* * *

आणि योग आला! मुंबईच्या एका लहानशा रेकॉर्ड कंपनीचा माणूस लग्नाला म्हणून पनवेलला आला, आमचा प्रयोग पाहून गेला, आणि त्या गाण्याची रेकॉर्ड काढतो म्हणाला. मास्तरांचा चेहरा उजळला. रेकॉर्डला मिशी नसते.

अडचण एकच. रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात आणि आमचं भांडण त्याच्या दुपटीनं लांब. मास्तरांनी दोन कडवी कापली. लय चढवली. आणखी चढवली. कुसुमबाई म्हणाल्या, "ह्याहून वेगानं मी फक्त इंजेक्शन देते." तरीही शेवटची ओळ बाहेर लोंबतच होती.

घाईघाईत एकदा हिरूचं पुणेरी सुटलं आणि तो म्हणून गेला, "नाय, नाय, येनार नाय!"

मास्तरांनी घड्याळाकडं पाहिलं. "पुन्हा म्हण."

"चुकलं, मास्तर. नाही, नाही..."

"नाही नाही! नायच म्हण!"

हिरूनं म्हटलं. नाही-चं नाय झालं, आहे-चं हाय झालं, प्रत्येक ठिकाणी अर्धी मात्रा वाचली, आणि शेवटची ओळ आत जाऊन बसली.

अप्पा वकील उभे राहिले. "अहो, माझा नायक पुण्याचा पदवीधर आहे! तो 'नाय' म्हणेल?"

मास्तर म्हणाले, "घाईत असला तर म्हणेल."

* * *

कंपनीनं दिवस दिला तो नेमका शनिवार. शनिवारी मास्तरांचा शब्बाथ. त्या दिवशी ते पेटीला हात लावत नसत. मोटारीत बसणं त्यांनी सकाळी परमेश्वराशी बोलून मिटवलं होतं, पण पेटीचा विषय काढायला ते तयार नव्हते.

"मग वाजवणार कधी?" मॅनेजरनं विचारलं.

"आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मग लगेच."

मशीनं तयार, माणसं तयार. संध्याकाळ होऊ लागली तसे आम्ही सगळे कंपनीच्या गच्चीवर जाऊन आकाशाकडं बघत उभे राहिलो. पहिला तारा हिरूनं दाखवला, समुद्रावरचा माणूस. दुसरा कुसुमबाईंनी. तिसरा येईना. मॅनेजर खाली-वर करत होता, तो ओरडला, "तिसरा! तिसरा! तो बघा, टाकीच्या वर! चला खाली!"

मास्तरांनी कपाळावर हात धरून नीट पाहिलं. "तो चालतोय," म्हणाले. "विमान आहे."

शेवटी तिसराही उगवला आणि आम्ही जिना उतरलो. आता हिरूचा आवाज मशीनला झेपेना. "ह्यांना जरा मागं घ्या," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. हिरू भिंतीपर्यंत गेला. "आणखी मागं." दारात गेला. अखेर तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभा राहिला, बाई आत माइकसमोर, आणि दोघं दारातून भांडू लागले. इतकं खरं भांडण आमच्या स्टेजवर कधी झालं नाही.

मध्येच रेकॉर्डिंगवाल्यानं थांबवलं. "प्रत्येक ओळीनंतर दोघं गप्प का होता?"

"तिथं लोक हसतात," मास्तर म्हणाले. कडवी कापली, अक्षरं कापली, पण हशाच्या जागा त्यांनी कापल्या नव्हत्या.

"कुठले लोक?"

"पनवेलचे."

रेकॉर्डिंगवाल्यानं खोलीभर नजर फिरवली आणि पुन्हा मशीन चालू केलं.

* * *

रेकॉर्ड आली. ती ऐकायची कुठं हा प्रश्नच नव्हता. तसा एक ग्रामोफोन अप्पा वकिलांकडं होता, पण त्यावर वकिलीणबाईंनी विणलेला रुमाल घातला होता आणि रुमालावर गणपती बसवला होता. गणपती उचलायला मुहूर्त लागतो. राहिलं मोटार स्टँडसमोरचं उस्मानशेठचं हॉटेल. सगळं गाव, नेऱ्यापासून उरणपर्यंतचे सगळे उतारू, तिथंच चहा घ्यायचे आणि तिथंच गाणी ऐकायचे.

उस्मानशेठचा फोनो म्हातारा होता. वेग कमी-जास्त करायची खुंटी केव्हाच तुटलेली. पूर्ण चावी दिली तर स्प्रिंग तुटेल, म्हणून शेठ अर्धीच चावी देत. त्यावर सगळीच गाणी रेंगाळायची. पण बाकीची गाणी लोकांनी आणखी कुठं तरी ऐकलेली असत, त्यामुळं फोनो पेंगतोय हे समजायचं. आमचं गाणं कुणी कुठं ऐकलं होतं? नाटक पाहिलेले लोक ते किती!

मंडळी जमली. शेठनं अर्धी चावी दिली आणि पिन टेकवली.

लय निम्म्यावर आली. लयीबरोबर पट्टी उतरली. काळी एक कुठं तरी विहिरीत गेली. "जाऽऽ... जाऽऽ... माहेरीऽऽ जाऽऽ..." मग त्या मोकळ्या जागा, जिथं लोक हसायचे. तिथं कुणी तरी आवंढा गिळतंय असं वाटायचं. मग बाईंचा आवाज, "जातेऽऽ... जातेऽऽ..." चावी उतरत आली तसा तो आणखी खाली गेला आणि शेवटचं 'जाते' अर्ध्या रस्त्यात बसलं.

"ह्यो मी हाय?" हिरू म्हणाला. "ह्यो त म्हातारा हाय कुनी तरी!"

"हा आवाज माझ्या वडिलांचा आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "मी ओळखते."

कोपऱ्यातल्या बाकावर नेऱ्याचा एक शेतकरी उपरण्यानं डोळे पुसत होता. उस्मानशेठनंही चष्मा काढला. "माशाअल्ला, मास्तर! काय दर्द ओतलाय! दिल गमगीन झालं."

"उस्मानशेठ," मास्तर म्हणाले, "हे विनोदी आहे."

"असेल, मास्तर. आम्ही नाही कुठं म्हणतो? पण माणसाला रडू येतं, त्याला काय इलाज?"

मास्तरांनी स्प्रिंग स्वतः बदलून आणून देण्याची तयारी दाखवली. शेठनं त्यांना बाजूला घेतलं. "एक बात ध्यानात घ्या. गाणं लांबलं की गिऱ्हाईक दुसरा चहा मागतं. आणि रडणारं गिऱ्हाईक बरोबर बिस्किटंही मागतं!"

* * *

उन्हाळ्यात नेऱ्याहून लग्नाचं बोलावणं आलं. मास्तरांना खास आग्रह, मी सोबतीला. जेवणं झाली, मुलगी सासरी निघायची वेळ झाली, आणि मांडवात उस्मानशेठचा फोनो येऊन बसला. अर्ध्या चावीसह.

"जाऽऽ... जाऽऽ..."

मुलगी आईच्या गळ्यात पडली. आई मावशीच्या. गाण्यात 'माहेरी जा' होतं आणि मुलगी सासरी निघाली होती, पण तेवढं कोण ऐकतं? मास्तर मुलीच्या बापाकडं गेले.

"अहो, हे गाणं लावू नका! ह्यात नवरा बायकोला हाकलून देतोय!"

बापानं मास्तरांना मिठीच मारली. "मास्तर, तुमाला पोरी किती?"

"एकही नाही."

"तरी येवरं कलतं तुमाला!" आणि तो खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला.

त्या दिवसापासून आमच्या भागात मुलीच्या पाठवणीला ते गाणं लागलंच पाहिजे असा रिवाज पडला. बदली होऊन जाणाऱ्या फौजदारालाही एकदा लावलं होतं. तो कशानं रडला ते माहीत नाही.

नेऱ्याहून परतताना मास्तर सबंध रस्ता मांडीवर बोटांनी ताल धरत होते. पनवेल दिसू लागलं तेव्हा म्हणाले, "एक पाहिलंत का? रडत होते, पण समेवर रडत होते."

* * *

मास्तरांनी शेवटचा उपाय केला. उत्सवात आम्ही तेच गाणं स्टेजवर ठेवलं. मिशी नाही, लुगडं नाही, नुसतं गाणं, आणि आधी मास्तरांनी उभं राहून जाहीर केलं की आज हे खऱ्या लयीत होईल, हसण्यास हरकत नाही.

पेटी जोरात निघाली. मागून आवाज आला, "रेकॉर्डीसारखं म्हणा!" सगळ्या मंडपानं तो उचलला. "रेकॉर्डीसारखं!"

पण खरा दगा आमच्याच माणसांनी दिला. हिरू रोज स्टँडवर चहा घ्यायचा, कुसुमबाई रोज तिथून दवाखान्यात जायच्या. वर्षभर ते गाणं त्यांच्या कानावर जसं पडलं तसं ते दोघं म्हणू लागले. पेटी पुढं, गाणं मागं. मास्तर डोळे वटारत होते, दोघं डोळे मिटून गात होते. मास्तर एकटेच शेवटाला पोचले, भाता मिटला आणि हात जोडून बसून राहिले. त्यानंतर कितीतरी वेळ हे दोघं एकमेकांचा निरोप घेत होते.

टाळ्या पडल्या. लोक नाकं पुसत होते. बायकांच्या बाजूला मलकाबाईही पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

"तूसुद्धा?" मास्तरांनी विचारलं.

"मी गाण्यासाठी नाही रडले," त्या म्हणाल्या. "ट्रंकांसाठी. बिजागऱ्यांना गंज चढला आता."

मास्तर थोडा वेळ पेटीच्या पट्ट्या पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. गाव काही हसत नाही. निघू."

* * *

निघायचा दिवस ठरला. मुंबईला नेणारी टॅक्सी सकाळी स्टँडवर, उस्मानशेठच्या हॉटेलासमोर उभी होती. ट्रंका टपावर बांधलेल्या. मलकाबाई आत बसलेल्या. सगळी मंडळी आली होती. हायस्कुलातली मुलं, दवाखान्यातली माणसं, बंदरावरचे हमाल, नेऱ्याचा तो मुलीचा बाप. गाणं कोणतं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं बहुतेकांनी रुमाल आधीच हातात घेतले होते.

उस्मानशेठनं फोनो बाहेर आणून टेबलावर ठेवला. त्याला नव्या तेलपाण्याचा वास येत होता.

"मास्तर," शेठ म्हणाले, "तुम्हाला द्यायला माझ्याकडं दुसरं काय आहे? मुंबईला पाठवला होता. नवी स्प्रिंग घातली, खुंटी बसवली. आज पूर्ण चावी देतो."

आणि दिली. आम्ही श्वास धरून बघत होतो. स्प्रिंग तुटली नाही. पिन टेकली.

"जा जा माहेरी जा परतुन येऊ नको!"

लोक दचकले. कुणी तरी फोनोकडं वाकून पाहिलं. बाईंचा आवाज हिरूच्या डोक्यावरून निघाला, "जाते जाते मागुन हाका मारत येऊ नका!" आणि पहिली मोकळी जागा आली. तीत हमालांपैकी कुणी तरी खुदकन हसलं.

"आरं," हिरू ओरडला, "ह्यो मी हाय!"

दुसऱ्या जागेत पाचपंचवीस लोक हसले. "नाय, नाय, येनार नाय"ला अप्पा वकील पोट धरून खाली बसले. इतके दिवस त्या जागा रिकाम्या होत्या. आता एकेक भरत गेली, आणि प्रत्येक हशा पुढची ओळ यायच्या आत संपत होता, तालमीत ठरवल्यासारखा. नेऱ्याचा बाप हसता हसता म्हणत होता, "आन् यो आमी पोरीला लावला व्हता!" त्याचा रुमाल भिजला, पण तो हसून.

मास्तर टॅक्सीच्या दारावर हात ठेवून उभे होते. बोटं दारावर चालत होती. मिशी नाही, लुगडं नाही, सगळं गाव चालीला हसत होतं.

गाणं संपलं. "वन्समोर!" लोक ओरडले.

मलकाबाईंनी टॅक्सीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याही हसत होत्या. "हसलं हो गाव! झालं ना मनासारखं? बसा आता."

"बसतो," मास्तर म्हणाले, आणि रस्ता ओलांडून टेबलाशी आले.

शेठनं पुन्हा पूर्ण चावी दिली. रेकॉर्ड फिरू लागली. हिरूचं "जा जा" झपकन निघालं, लोक हसायच्या तयारीत, आणि मास्तरांनी उजव्या हाताचं एक बोट रेकॉर्डच्या कडेला लावलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं. पेटीवाल्याचं बोट.

लय उतरली. पट्टी उतरली.

"जाऽऽ... जाऽऽ..."

ड्रायव्हरनं बिडी विझवली. मोकळी जागा आली आणि मोकळीच गेली.

"मास्तर, काय करता?" उस्मानशेठ कळवळून म्हणाले. "बोट काढा! स्प्रिंग नवी आहे!"

मास्तरांनी बोट काढलं नाही.

"नवी आहे ना," ते म्हणाले, "म्हणूनच लावावं लागतंय."